मागच्या खोलीची कडी

भूकंपानंतर आमच्या लातुरात दारं नुसती लोटून झोपायची रीत पडली होती. आमच्या घरात तर लोटून घेण्यापलीकडं काही शिल्लकच नव्हतं. त्या पहाटे घराला फारसं काही झालं नाही, पण चौकट तिरकी झाली, आतली कडी अडकली आणि सगळी गल्ली बाहेर, आम्ही दोघंच आत. दार निघेपर्यंत बायको जे ओरडली ते आजही माझ्या कानात आहे. उजाडल्यावर तिनं सांडशी आणि उलथनं घेऊन घरातल्या झाडून सगळ्या कड्या उचकटल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मी तेव्हा काय करत होतो? भूकंपाच्या लहरी किती प्रकारच्या असतात, ते रस्त्यावर उभा राहून शेजाऱ्यांना समजावत होतो. क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो ना!

पुढं गावाचा रंगच पालटला. भूकंपानं लातूरकरांना घराबाहेर झोपायला शिकवलं होतं, क्लासवाल्यांनी झोपण्यावरच बंदी आणली. गोठ्यातल्या म्हशी विकल्या गेल्या आणि त्याच दावणीला मेरिटची पोरं बांधली गेली. ज्या भिंतींना तडे म्हणून माणसं हात लावायला भ्यायची, त्यांच्यावर चुना फासून 'रूम देणे आहे'च्या पाट्या लागल्या. आम्हीही मागच्या खोलीला रंग दिला.

ती खोली बघायला बिलोलीकडची एक बाई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन आली. बाई खोलीभर फिरली, नळ सोडून बघितला, खिडकीचे गज हलवून बघितले आणि दारापाशी येऊन थबकली.

"आतून कडी कुठं हाय?"

"आमच्याकडं कडी लावत नाहीत," बायको म्हणाली.

"मग वयात आलेली पोरगी मी उघड्या दारात निजवू का, बाई? कडी न्हाई तर खोली न्हाई. चलतो आम्ही."

मुलगी जागची हलली नाही. आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बायकोला म्हणाली, "काकू, आज परत गेले तर पुन्हा येणं व्हायचं न्हाई. चुलत्यानं स्थळ बघून ठेवलंय."

बायको माझ्याकडं बघत राहिली. तिचं लग्न नांदेडला बारावीच्या निकालाआधीच लागलं होतं, आणि नवरा म्हणून मी मिळालो होतो. तेव्हा ह्या विषयात तिचं मत पक्कं होतं. "रविवारी सामान घेऊन या," ती बाईला म्हणाली. "कडी लागलेली असंल." आणि त्या दोघी गेल्यावर मला म्हणाली, "चांगल्या माणसाकडून लावून घ्या. सहज निघणारी पाहिजे."

चांगला माणूस कुठला मिळायला! गावातले सगळे सुतार होस्टेलांच्या खोल्या पाडण्यात गुंतलेले. एका खोलीच्या चार करायच्या आणि चारात सोळा कोंबायचे, ही कला तेव्हा जोरात होती. मग मीच ठरवलं. बलाचं आघूर्ण शिकवणाऱ्या माणसाला एक स्क्रू फिरवता येऊ नये? गंजातल्या बाजारपेठेतून सरकती लोखंडी कडी आणली, स्क्रू आणले, पेचकस आणला आणि रविवारी सकाळी बाह्या सरसावल्या.

चौकट बाभळीची निघाली. बाभूळ जुनी झाली की दगड होते, हे वर्गात कुणी शिकवत नाही. स्क्रू दोन आटे आत जाऊन तिथंच बसला. मी जोर केला, तर पेचकस घसरून माझ्या अंगठ्यात शिरला. शेजारचे टेलर चाचा ओट्यावर चहा पीत माझा तमाशा बघत होते.

"क्या करून रहे, सर?"

"कडी बसवतोय, चाचा."

"पेच को साबण लगाओ जी. मक्खन जैसा जाता."

साबण लावला. स्क्रू गेला नाही, पेचकस मात्र लोण्यासारखा हातातून निसटून मोरीत गेला. शेवटी मी हातोडी घेतली आणि स्क्रू खिळ्यांसारखे ठोकून काढले.

"कायकू मारते बिचारे को?" चाचा म्हणाले. "उसने क्या बिगाडा?"

कडी एकदाची दाराला चिकटली. चौकटीतलं तिचं भोक थोडं खाली पडलं होतं, एवढंच. मी आत गेलो, दार लावलं, कडी सरकवली, अर्ध्यात अडली. हातोडीचा एक दणका दिला. फस्सकन आत गेली. वा! आता बाहेर काढायची म्हणून उलटा दणका दिला, तर कडीची मूठ तुटून कोपऱ्यात उडाली आणि कडी आतच राहिली. चौकटीत अशी गच्च बसली होती, की माझ्या आयुष्यातलं ते एकमेव पक्कं काम म्हणावं.

बायको मोंढ्यात भाजी आणायला गेलेली. मी मुकाट्यानं खाटेवर बसलो, काही सुचतंय का बघत. एवढ्यात जमीन थरथरली. खिडकीचे गज वाजायला लागले. मग लहरींचे प्रकार कुठले आठवतात! गज धरून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "भूकंप! भूकंप!"

गल्ली बाहेर पडली. पोरं हातातल्या नोट्ससकट पळाली. चाचा बनियनवर होते, कप मात्र त्यांनी सोडला नव्हता. आणि मागच्या गल्लीत नव्या होस्टेलच्या जागेवर बोअरची गाडी निवांत जमीन पोखरत होती.

"भूकंप नहीं, बोअर है, सर!" चाचा ओरडले. "बाहर आओ!"

"येता येत नाही हो!"

गल्ली हसायला लागली. नेमकी त्याच वेळी बिलोलीची बाई ट्रंक आणि गादी घेऊन कोपऱ्यावर रिक्षातून उतरली. गजांमागचा घरमालक तिनं डोळे भरून बघितला. मुलीचा चेहरा पांढरा पडला.

बायकोही तेवढ्यात पोचली. ती हसली नाही. तिनं पिशवी टाकली, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि दारावर घालायला सुरुवात केली. "मागं सरका!" एवढंच ओरडली. बाभळीची चौकट उभी चिरली, दार बिजागरीसकट आत कोसळलं. बायको उंबऱ्यात उभी होती, घाम गळत होता. मला धडधाकट बघून तिनं श्वास घेतला आणि मग शांतपणे विचारलं, "काय करून राहिले होते तुम्ही?"

बाईनं गादी पुन्हा काखेत घेतली. "आता तर दारच न्हाई राहिलं. चल गं पोरी."

"थांबा ताई," बायको म्हणाली. "पोरगी पुढच्या खोलीत माझ्याजवळ झोपंल. माझ्या अंथरुणाला अंथरूण लावून. मला वलांडल्याबिगर कुणी तिच्यापर्यंत येत न्हाई."

बाईची नजर बायकोच्या हातातल्या वरवंट्यावर गेली.

"आन् सर?"

"ह्यांना टाकू की ह्या खोलीत. ह्यांना कोण पळवून नेतंय?"

बाई पहिल्यांदा हसली. तिनं गादी खाली ठेवली. मुलीनं मात्र आई मत बदलायच्या आत ट्रंक उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन ठेवली.

संध्याकाळच्या गाडीला निघताना बाईनं बायकोचे दोन्ही हात धरले, डोळे पुसले. मग माझ्याकडं वळून हात जोडले.

"सर, एक इनंती हाय. पोरीला फिजिक्स दुसऱ्या कुणाकडं लावलं तर राग मानू नका."