दोन संस्थांच्या दोन मुली

आमच्या भांडुपच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आणि वाकोल्याच्या चर्चचं समाजकेंद्र चालवणाऱ्या सिस्टर यांचं एकमेकींशी कसं जुळलं, ते मला कधीच कळलं नाही. पण जुळलं होतं खरं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टीव्ही कंपनीने त्यांना वरच्या मजल्यावरची खोली दिली, शिकवायला एक सर दिले, आणि तिघांनी मिळून मुलींसाठी टीव्ही दुरुस्तीचा कोर्स काढला. रंगीत टीव्ही नुकते घरोघर येऊ लागले होते. मुलींनी शिवणकामातून बाहेर पडलं पाहिजे, असं बाई प्रत्येक सभेत सांगायच्या. मी बारावी सायन्स करून घरी बसले होते, म्हणून त्यांनी माझं नाव दिलं. माझे चुलते म्हणाले, शॉक लागून मेली तर लग्नाचा खर्च तरी वाचेल. ते गमतीने म्हणाले असतील. मला गंमत वाटली नाही.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्याकडे तोंड करूनच बोलायला सुरुवात केली. कंपनीने आपल्याला इथे शिक्षा म्हणून पाठवलंय, असा त्यांचा समज होता आणि तो त्यांनी लपवला नाही. ते म्हणाले, "घरी इस्त्री बिघडली तर नवऱ्याला हाक मारायची, एवढंच तुम्हाला पुढे करायचंय. ज्यांना हे आत्ताच पटतंय त्यांनी जा, माझा वेळ वाचेल." कोणी उठलं नाही. मग त्यांनी शिकवायला घेतलं, आणि शिकवलं चांगलं, हेही सांगायला हवं.

निम्म्या मुली मंडळाच्या, निम्म्या सिस्टरच्या. आम्ही भांडुपच्या मुली खिडकीकडे बसायचो, त्या वाकोल्याच्या मुली भिंतीकडे. डबेसुद्धा वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडायचे. बाई आणि सिस्टर महिन्यातून एकदा एकत्र यायच्या, एकमेकींचा हात धरून फोटो काढून घ्यायच्या. पण बाई आम्हाला बाजूला घेऊन सांगायच्या की त्या मुलींना इंग्रजी येतं, कंपनी त्यांनाच उचलणार, तेव्हा मागे राहू नका. तिकडे सिस्टर त्यांच्या मुलींना काय सांगायच्या, ते मला पुढे भांडणातच कळलं. मंडळाच्या ओळखी वरपर्यंत आहेत, नोकऱ्या भांडुपलाच जाणार, असं त्या सांगत होत्या.

वाकोल्याच्या मुलींत एक उंच, सावळी, घोट्यापर्यंत स्कर्ट घालणारी मुलगी होती. तिच्या भावाचं वाकोल्यातच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे सोल्डरिंगचा, म्हणजे कथिल वितळवून तारा जोडायचा, हात तिला आधीपासून होता. तिचा सांधा चकचकीत यायचा, माझा ढेकळासारखा. मला सर्किटचं चित्र वाचता यायचं, ते तिला जमायचं नाही. ती माझा सांधा बघून नाक मुरडायची, मी तिचं वाचन ऐकून. एकदा आम्ही दोघी सगळ्यांसमोर वाद घालायला लागलो, तेव्हा सर म्हणाले की आता कोर्स संपेपर्यंत या दोघी एकाच टेबलावर. सगळ्या हसल्या. ती शिक्षाच होती.

पिक्चर ट्यूबला हात लावण्याआधी तिच्यात साठलेली वीज उतरवावी लागते. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून ती चेसीला, म्हणजे सेटच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवायची आणि टोक ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. चट् असा आवाज येतो. एका दुपारी ते काम तिच्याकडे होतं. तिने ते केलं, आम्ही जेवायला गेलो, परत आल्यावर मी टोपी काढायला हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येऊन मागच्या कपाटावर आदळले. डोळे उघडले तेव्हा ती समोर उभी होती. मी उठून तिच्या थोबाडीत मारली. तिने लगेच परत दिली, आणि माझ्यापेक्षा जोरात. मुली ओरडत मध्ये पडल्या. सर दारात उभे राहून हसत होते.

ते हसले का, ते मला संध्याकाळी कळलं. ट्यूब एकदा उतरवली तरी थोड्या वेळाने ती पुन्हा थोडी वीज धरते, म्हणून हात घालण्याच्या आधी पुन्हा उतरवायची असते. हे सरांना माहीत होतं आणि त्यांनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. अनुभवाने शिकलेलं विसरत नाही, असं ते वर म्हणाले. त्या दिवसापासून सरांचा राग दोघींच्याही डोक्यात बसला, पण एकमेकींचा काही त्याने कमी झाला नाही.

कोर्स संपल्यावर कंपनीच्या मॅनेजरांनी आम्हाला खाली बोलावलं आणि सांगितलं की सर्वांना काम मिळेल. टेस्टिंगमध्ये आणि सर्व्हिसमध्ये नाही, ती मुलांची कामं. तुम्ही लाईनवर बसून बोर्डांचं सोल्डरिंग करायचं. बायकांची बोटं बारीक असतात, असं कारण त्यांनी दिलं. बऱ्याच मुली गेल्या, त्यांच्या घरची गरज होती. मी नाही म्हटलं. वाकोल्याचीने मॅनेजरांना विचारलं, "मग ट्यूब कशाला शिकवलीत आम्हाला?" त्यांनी घड्याळ बघितलं.

बाई आणि सिस्टर यांना आता काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी मिळून घरपोच टीव्ही दुरुस्ती सुरू केली. अंधेरीतली एक छोटी खोली सिस्टरच्या केंद्राने मिळवली, टेलिफोन मंडळाने आणला, आणि कंपनी जुने सुटे भाग देईल असं ठरलं. एकट्या मुलीला परक्या घरात पाठवायचं नाही, म्हणून जोडीने जायचं. आणि सहकार्य दिसावं म्हणून जोडीत एक मंडळाची, एक केंद्राची. लाईनवर न गेलेल्या आम्ही मोजक्याच उरलो होतो. माझ्या वाट्याला तीच आली. मी बाईंना म्हटलं की दुसरी कोणीही द्या. त्या म्हणाल्या, "तुला काय तिच्याशी संसार करायचाय?"

लोकांना आम्ही दारात नकोच असायचो. मुलुंडला एका घरात दार उघडणाऱ्या आजोबांनी आम्हाला धूप विकणाऱ्या समजून परत पाठवलं. दुसऱ्या एका घरात, मेकॅनिक खाली गाडी लावतोय का, असं विचारून आम्हाला जिन्यात थांबवून ठेवलं. पण घाटकोपरचं एक घर माझ्या अजून डोक्यात आहे.

तिथे पडद्यावर चित्र येत नव्हतं, नुसती एक आडवी पांढरी रेघ. घरातले गृहस्थ आमच्या पाठीमागे उभे राहिले आणि आम्ही मागचं झाकण उघडल्यापासून सूचना देत राहिले. कंपनीचा माणूस येणार असं फोनवर सांगितलं होतं, असं त्यांनी चार वेळा तरी ऐकवलं. मी सर्किट बघून बोट ठेवलं, तिने भिंग लावून पाहिलं. एका ट्रान्झिस्टरच्या पायाचं सोल्डर सुटलं होतं. तिने ते नवं केलं, सेट लावला, रेघ फाकत फाकत पूर्ण चित्र झालं. गृहस्थ म्हणाले, "हात्तिच्या, वायरच हलली होती. मी केलं असतं."

तेवढ्यात आतून काकू पाण्याचे दोन स्टीलचे पेले ट्रेमध्ये घेऊन आल्या. ट्रे पुढे करता करता त्यांनी आमची आडनावं विचारली. तिचं ऐकून, अच्छा, ख्रिश्चन, एवढंच म्हणाल्या. मी माझं सांगितलं. आमच्या वस्तीत बुद्धविहार होता आणि माझं आडनाव कळलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. काकूंनी एक पेला ट्रेवरून उचलला, आत गेल्या आणि माझ्यासाठी गुलाबी प्लॅस्टिकचा पेला घेऊन आल्या, लहान मुलांच्या पावडरच्या डब्याबरोबर फुकट येतो तसला. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, टीव्हीच्या टेबलावर ठेवला. मी उचलला आणि सगळं पाणी प्यायले. वाकोल्याचीने तिचा पेला तसाच ट्रेमध्ये ठेवला आणि बॅग भरायला लागली.

आम्ही बसस्टॉपवर आलो. ती म्हणाली, "तू प्यायलीस कशाला?"

"तहान लागली होती."

"मी नाही प्यायले."

"तुला स्टीलचा मिळाला होता. प्यायचा होतास."

"तुझ्यासाठी नाही प्यायले मी, कळतं का तुला?"

"माझ्यासाठी काही करू नकोस," मी म्हटलं. "तहानलेली राहिलीस तर तुझी तू राहिलीस. माझं काय थांबलं त्याने?"

ती म्हणाली की माझ्यासारखी मुलगी तिने पाहिली नाही. मी म्हटलं, आमच्याकडे चिकार आहेत, ये बघायला. बस आली. ती पुढच्या सीटवर बसली, मी मागे. काकूंवर मी इतकी चिडले नव्हते जितकी तिच्यावर. काकूंसारख्यांची मला लहानपणापासून सवय होती. पण माझा अपमान कोणी आपल्या हातात घ्यावा आणि त्यावर मलाच जाब विचारावा, हे नवीन होतं.

घाटकोपरच्या त्या घरातून पुढे शेजारणीसाठी फोन आला. काकूंनीच आमचं नाव सुचवलं होतं. आम्ही गेलो नाही. त्या एका बाबतीत आमचं दोघींचं न बोलता एकमत झालं.

दुरुस्तीचं काम जरा चालायला लागलं, आणि वरच्या लोकांत भांडण लागलं. खोलीवर पाटी लावायची ठरली. मंडळाचं नाव वर की केंद्राचं, यावर बाई आणि सिस्टर यांचं बिनसलं. त्यात मॅनेजर येऊन म्हणाले की कंपनीचं नाव सगळ्यात मोठं पाहिजे. सुटे भाग मात्र त्यांनी केव्हाच बंद केले होते. बाई म्हणाल्या, फोन आमचा. सिस्टर म्हणाल्या, खोली आमची. पाटी लागलीच नाही, खोलीला कुलूप लागलं. मग हत्यारांची वाटणी निघाली. वीज मोजायचा मल्टीमीटर मंडळाने दिला होता, सोल्डरिंग आयर्न केंद्राने. मीटर वाकोल्याचीच्या बॅगेत होता, म्हणून बाईंनी मला तो आणायला पाठवलं.

ती भावाच्या दुकानात होती. मी मीटर मागितला. तिने तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ने. सोल्डर कशाने करशील?"

"तू मोजशील कशाने?"

मग तिने एका ट्रान्झिस्टर रेडिओवरचं फडकं काढलं आणि सांगितलं की सकाळपासून हा बोलत नाहीये, सर्किटमधला बिघाड सापडत नाहीये. मी स्टूल ओढून बसले. संध्याकाळी बाईंना सांगितलं की मीटर पडून फुटला. तिने सिस्टरना सांगितलं की आयर्न जळाली. दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

त्या दुकानाच्या मागच्या बाकावर आम्ही काही वर्षं काम केलं. तिचा भाऊ पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचा, आम्ही मागे भांडायचो. पंखा कुणाकडे वळवायचा, रेडिओ कुठल्या स्टेशनवर लावायचा, बिघाड आधी कुणी ओळखला, कशावरूनही. तिने मला कधी घरी जेवायला बोलावलं नाही आणि मी तिला कधी भांडुपला बोलावलं नाही. तिचं लग्न ठरल्याचंसुद्धा मला गिऱ्हाइकाकडून कळलं. ती बोरिवलीला गेली. मला मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मशीनदुरुस्तीचं काम मिळालं. तिथले पुरुष बराच काळ माझ्याशी बोलत नव्हते. त्याचा मला फारसा त्रास झाला नाही.

नंतर ती मला एकदाच भेटली, लॅमिंग्टन रोडवर, सुट्या भागांच्या दुकानात. तिच्या कडेवर मूल होतं. मला बघून ती म्हणाली, "जाडी झालीस."

"तूही," मी म्हटलं.

ती बोरिवलीत घरीच सेट दुरुस्त करत होती. हातात कसला तरी ट्रान्झिस्टर होता, तो चुकीचा आहे असं मी सांगितलं. ती म्हणाली की बारावी सायन्सवाल्यांना सगळंच कळतं. मी दुकानदाराकडून सर्किटचं पुस्तक मागून घेतलं. मूल रडायला लागलं तरी आम्ही थांबलो नाही. शेवटी दुकानदार म्हणाला, ताई, जरा बाजूला होऊन भांडता का, मागे लोक थांबलेत.