गाडीतल्या रेडिओवरची आत्या

माझी आत्या बसस्थानकावर घोषणा करायची. काचेच्या खोलीत, माइकसमोर, अगदी तरुणपणापासून. बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगते. मग एक दिवस तिथे मशीन आलं. कुण्या बाईचा आवाज त्यात भरलेला होता. आत्याची रवानगी चौकशीच्या खिडकीत झाली. निवृत्त होईपर्यंत ती त्या मशीनमधल्या बाईला 'माझी सवत' म्हणायची.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आवाजाचं काम बघते. आमच्या नव्या गेममध्ये पन्नास वर्षांपूर्वीचं शहर आहे. खेळणारा टॅक्सी चालवतो आणि टॅक्सीत रेडिओ लागतो. त्यावरची गाणी आमच्या संगीतकाराने नव्यानेच केली होती, पण ढंग अस्सल त्या काळचा: ट्रम्पेट, अकॉर्डियन आणि बसल्याजागी पाय हलवणारा ठेका. जुनी वाटावीत म्हणून त्याने वरून रेकॉर्डची खरखरही भुरभुरली होती. दोन गाण्यांच्या मध्ये बोलायला मात्र कुणी मिळेना. जे आले ते सगळे आजच्यासारखंच बोलायचे. आमचे साहेब वैतागले. "जाऊ दे, मशीनकडून वदवून घेऊ."

"थांबा," मी म्हटलं. "माझी आत्या आहे."

आत्याला सांगितलं तर ती घरभर फिरायला लागली. "रेडिओवर? मी?"

"गेममधल्या रेडिओवर गं."

"मग तोही रेडिओच की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवणीतले कपडे घालून, अत्तर लावून बाईसाहेब स्टुडिओत हजर. साहेबांनी तिला कागद दिला आणि समजावलं, "सावकाश बोला. हळवं. जुन्या आठवणी आल्यासारखं." आत्याने मान डोलावली, काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर बसली आणि सुरू झाली. तेही प्रत्येक वाक्य दोनदा, स्थानकावरच्या सवयीने! "श्रोतेहो, ऐका एक जुनं, गोड गाणं. श्रोतेहो, ऐका एक जुनं, गोड गाणं." रेकॉर्डिंगवाला तोंड दाबून हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगितल्यावर दोनदा बोलणं थांबलं, पण आवाज पडलेला तो पडलेलाच. कुणाच्या तरी शोकसभेत बोलत असावी असा.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मशीनच बरं."

आमच्या बाजूचा माइक चालू राहिला होता. काचेपलीकडे आत्याने ते ऐकलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. एकदा मशीनने तिचा माइक हिसकावला होता, आणि आज मी हौसेने तिला पुन्हा त्याच्याच तोंडी दिलं होतं. मी आत धावले. "चल आत्या, घरी जाऊ."

"जाऊ कुठे? थांब जरा," ती म्हणाली. "ते गाणं लाव आधी. अख्खं. नुसता कागद दिलाय हातात, गाणं ऐकवलंय का कुणी मला?"

खरंच, नव्हतं ऐकवलं!

गाणं लावलं. ट्रम्पेट वाजली तसा आत्याचा पाय हलायला लागला, मग मान, मग खांदे. मध्येच तिने हात वर केला. "ही खरखर कसली?"

"जुनं वाटायला," संगीतकार म्हणाला.

"अरे, पण त्या टॅक्सीवाल्याला हे जुनं कुठलं? त्याच्यासाठी आजच आलंय ना हे! नवंकोरं!"

"आयला, खरंच की!" संगीतकाराने कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथे खरखर काढून टाकली. गाणं असं लख्ख झालं की माझ्या अंगावर काटा आला. साहेब ताडकन उठले, मोठ्या पडद्यावर गेम सुरू केला आणि स्वतःच टॅक्सी चालवायला बसले. "हं आत्या, आता बोला!"

आत्याने कागद बाजूला सारला.

"ऐकताय ना मंडळी? आजच आलंय! रेकॉर्डचं कव्हर तुमच्यासमोर काढतेय. हे ऐकून घरी गेलात आणि नाचला नाहीत, तर मला येऊन विचारा!"

साहेबांची टॅक्सी सुसाट सुटली. प्रवाशाचं ठिकाण आलं, मागे पडलं. पडद्यावर तो बिचारा उतरवा, उतरवा म्हणून ओरडत होता.

"साहेब, प्रवासी!" मी ओरडले.

"बसू दे गं त्याला! गाणं संपू दे!"

मी आनंदाने अक्षरशः उड्या मारत होते. गाणं संपलं तेव्हा कुठे साहेबांनी टॅक्सी कडेला घेतली आणि काचेकडे वळून विचारलं, "आत्या, बाकीची गाणी उद्यापासून घेऊ. रोज यायला जमेल?"

आत्याने कानावरचा हेडफोन काढलाच नव्हता.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "मी कुठे निघालेय आत्ता? लावा पुढचं!"