त्यांचा पेपर

पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्यातला बराच काळ कॉपी करणारी पोरं पकडण्यात गेला. बाहीत लिहिलेली सूत्रं, पट्टीच्या मागची सनावळी, पाणी प्यायला जाऊन परत येताना घाईघाईत हलणारे ओठ, यातलं काही माझ्या नजरेतून सुटलं नाही. शाळेत माझी दहशतच होती म्हणा ना. तीच मी, निवृत्त झाल्यावर, स्वतःच्या घरात बसून स्वतःच्या नवऱ्याला धडधडीत कॉपी पुरवली, आणि मला पकडलं माझ्या मुलीच्या वयाच्या एका नर्सनं.

आमचे हे पोस्टमास्तर होते. त्याआधी कित्येक वर्षं सायकलवरून टपाल वाटलेलं. बुऱ्हाणपुरातली गल्ली न् गल्ली त्यांना तोंडपाठ. पाकिटावर नुसतं नाव आणि 'लोधीपुरा' एवढंच असलं तरी पत्र बरोबर घरी पोचायचं. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. लग्नकार्यात कुणी पत्ता विचारला की हे दहा मिनिटं सांगत बसायचे आणि मी चिडायची.

एका सकाळी छातीत जड वाटतंय म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. छातीला वायरी लावलेल्या असतानाच त्यांचं हृदय थांबलं. अटॅक वेगळा आणि हृदय पार बंद पडणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं, डॉक्टर आणि दोन सिस्टर आळीपाळीनं त्यांची छाती दाबत होते. मधेच सगळे हात वर करून मागे सरकायचे, शॉक द्यायचे आणि पुन्हा दाबायला लागायचे. एक सिस्टर दमून भिंतीला टेकली आणि तिची पाळी आल्यावर लगेच पुढे झाली. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले होते. शेवटी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "चालू झालंय." मी तिथेच फरशीवर बसले. पुढे इंदूरला नेलं, बरेच दिवस तिथे काढले आणि ह्यांना घेऊन घरी आले. दोन बरगड्या मोडल्या होत्या, पण माणूस जिवंत होता. मला आणखी काही नको होतं.

इंदूरच्या त्या इस्पितळात या आजारावर संशोधन चाललं होतं. थांबलेलं हृदय सुरू झालेली माणसं घरी गेल्यावर कशी राहतात, हे त्यांना पाहायचं होतं. आम्ही सही दिली होती. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं कुणीतरी येऊन प्रश्न विचारील, असं ठरलं होतं. आली ती ही मुलगी. जवळच्या देडतलाई गावची, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातली. इंदूरला नोकरी करायची, आणि आपल्या भागातले रोगी बघायला बसनं यायची. खांद्यावर पिशवी, पिशवीत फाइल, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला.

पहिल्या खेपेला मी दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, काढून ठेवला होता. तिनं तो मनापासून खाल्ला, हात धुतले आणि ह्यांना म्हणाली, "काका, मी पाच शब्द सांगते. ध्यानात ठेवा. थोड्या वेळानं परत विचारीन." केळ, चांदी, भाऊ, शाई, खिडकी. मग तिनं इकडचं-तिकडचं विचारलं. झोप कशी आहे, भूक कशी आहे, वजाबाकी, आजचा वार. वार विचारल्यावर हे माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्या पाठीमागे बसले होते. ओठांनी 'बुधवार' म्हटलं. हे म्हणाले, "बुधवार."

मग पाच शब्द आले. केळ आणि भाऊ त्यांना आठवले. पुढे गाडी अडली. मी पाय पुढे करून जोडवी दाखवली. "चांदी," हे म्हणाले. मी बोटानं हवेत लिहिलं. "शाई." मग मी खिडकीकडे बघितलं, त्यांनीही बघितलं, आणि झाले पाच.

"घरी काही त्रास?" तिनं विचारलं.

"काही नाही गं," मी त्यांच्या आधी बोलले. "सगळं बढिया आहे."

खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला कुणी घरातलं रडगाणं ऐकवत नाही. त्यातून ज्या लोकांनी बरगड्या मोडेस्तोवर दाबून ह्यांना परत आणलं, त्यांच्याच माणसाला म्हणायचं, अजून हे नीट नाही? जेवायला बोलावलेल्यानं यजमानाला मीठ कमी आहे म्हणून सांगावं, तसं वाटत होतं. ह्यांनीही मान डोलावली. तिनं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, दोघांना नमस्कार केला आणि बस गाठायला गेली. मी दार लावलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी मी ह्यांना लोधीपुऱ्यात नणंदेकडे डबा द्यायला पाठवलं. हे सकाळी नऊला निघाले. अकरा वाजता नणंदेचा फोन आला, की भाऊ अजून आलाच नाही. मी रिक्षा करून गेले, तर तिच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे, यंत्रमागाच्या खटखटाटात, हे डबा छातीशी धरून उभे होते. उन्हात. सदरा घामानं भिजलेला. शेजारीच पानवाला होता, समोर शिंपी होता. विचारलं असतं तर कुणीही हात धरून पोचवलं असतं.

"विचारलं का नाही कुणाला?" मी ओरडले.

"मी पोस्टमास्तर आहे," ते म्हणाले. "मी पत्ता कसा विचारू?"

घरी आल्यावर मोरीत जाऊन तोंड धूत होते, धूतच होते. मी बाहेर उभी राहून ऐकत राहिले. ह्या माणसाला आपल्या सख्ख्या बहिणीचं घर सापडत नाही, आणि हे फक्त मला आणि त्यांनाच ठाऊक आहे, याचं मला भयंकर वाटलं.

पण सहा महिन्यांच्या खेपेला ती मुलगी आली तेव्हा मी पुन्हा तिच्या मागेच जाऊन बसले. सवय म्हणा, भीती म्हणा. तिनं फाइल उघडली, पण पेन काढलं नाही. माझ्याकडे वळली आणि एकदम हसली.

"काकू, मागच्या वेळी तुमचे मार्क चांगले आले. आता काकांचे घ्यायचे आहेत. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

माझे कान तापले. पस्तीस वर्षांत मी ज्या पोरांच्या हातातून चिठ्ठ्या काढून घेतल्या, ती सगळी एका रांगेत उभी राहून मला बघताहेत असं वाटलं. मी म्हटलं, "तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो ना. लिहून ठेवलं होतं, काकू मदत करून राहिल्या म्हणून." तिनं मला ती ओळ दाखवलीसुद्धा. "तो कागद मी फेकला नाही, फक्त मोजला नाही. काकू, आधी डॉक्टर लोक फक्त एवढंच लिहायचे, माणूस जगला की गेला. आता आम्ही विचारतो, जगून तो काय करून राहिला. प्रत्येक घरी सगळं बढिया आहे म्हणून लिहिलं ना, तर काकांसारख्या पुढच्या माणसाला घरी जाताना कुणी काही सांगणारच नाही. मग घरचे म्हणतील, हा आळशी झाला, हा नखरे करतो."

मला त्या मुलीचा त्या क्षणी एवढा अभिमान वाटला की सांगता सोय नाही. मी पोरं पकडायची तेव्हा वर्गासमोर उभं करून त्यांची शोभा करायची. हिनं मला पकडून तीन महिने पोटात ठेवलं, ह्यांच्यासमोर कमीपणा येऊ दिला नाही आणि तरी एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

मी ओट्यावर जाऊन बसले. दार अर्धं उघडं होतं. पाचातले ह्यांना दोन आठवले. मग लोधीपुऱ्याची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली, डब्यापासून पानवाल्यापर्यंत, अडखळत. ती मधे बोलली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "काका, हृदय थांबलं होतं तेव्हा डोक्याला रक्त कमी पोचलं. हे त्याच्यामुळं आहे. तुमची चूक नाही." बाहेर मी पदरानं डोळे पुसले. एवढे महिने हेच वाक्य त्यांना ऐकायचं होतं आणि मी त्यांना खिडकीकडे बघायला लावत होते.

तिनं इंदूरच्या एका डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. घरी करायला गोष्टी सांगितल्या. वहीत रोजचा वार आणि कामं लिहायची, गल्ल्यांचे नकाशे काढायचे, चिठ्ठी खिशात ठेवायची. आणि शेवटची, तिच्या मते सगळ्यात मोठी: अडलं की विचारायचं. हे पहिल्यांदा नाक मुरडायचे. मीही मधे मधे बोलायची, मग स्वतःच तोंडावर बोट ठेवायची.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी हे डबा घेऊन पुन्हा लोधीपुऱ्याला निघाले. मी रिक्षावाल्याला मागे पाठवायचं मनात आणलं आणि सोडून दिलं. तासाभरात रिकामा डबा घेऊन परत आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "दोनदा विचारलं. एकदा शिंप्याला, एकदा एका पोरीला. पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही इथे नवीन का?" आणि हे हसले. आजारानंतर असं पोटातून हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

शेवटच्या खेपेला ती आली तेव्हा मी आपण होऊन ओट्याकडे निघाले. हे म्हणाले, "बसू दे तिला. आता नाही सांगायची ती." म्हणून बसले, पण ह्यांच्या समोर नाही, शेजारी. नवे पाच शब्द होते. वजाबाकी झाली, वार झाला, वार बरोबर आला. मग ह्यांनी एकेक करून चार शब्द सांगितले. पाचवा येईना. ती वाट बघत होती. पाचवा शब्द होता पंखा, आणि तो आमच्या डोक्यावर करकर करत फिरत होता. मी मान खाली घालून फरशीकडे बघत बसले.

"नाही आठवत," हे शांतपणे म्हणाले. "लिही बाळा. नाही आठवत."