महेशच्या मोज्यातली हालचाल

आमच्या घरी पहिल्यांदा नाताळ साजरा झाला, तेव्हा मी हेल्मेट घातलं होतं.

आम्ही राहतो खाडीकाठच्या करावे नावाच्या गावाला लागून असलेल्या एका सोसायटीत, नवव्या मजल्यावर. घरात मी, नवरा महेश, तिसरीतली इरा आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. माणसं सगळी बरी आहेत. दोष असलाच तर एवढाच, की मी भित्री आहे. पाल, झुरळ, कुकरची शिट्टी, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, मी कशालाही घाबरू शकते. महेश म्हणतो, तुला घाबरायला कारण लागत नाही, जागा मिळाली की पुरे.

नाताळाचं खूळ इराचं. तिच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, की घरातल्या प्रत्येकाचा एक मोजा टांगायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या मोज्यात छोटी छोटी गिफ्ट टाकायची.

"मोज्यात?" आईंनी विचारलं. "धुतलेल्या ना?"

धुतलेल्या, असं ठरलं. आईंचा लोकरीचा मोजा निघाला, इराचा शाळेचा पांढरा, माझा ऑफिसचा काळा. महेशने कॉलेजात फुटबॉल खेळताना घालायचा तो गुडघ्यापर्यंतचा हिरवा मोजा कपाटाच्या तळातून काढला. तो सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त गिफ्ट मिळणार, यावरून इरा अर्धा दिवस रुसली.

मग प्रश्न आला, टाकायचं काय. मी मोबाईलवर शोधलं. त्यात हात शेकायच्या पिशव्या सुचवल्या होत्या. (डिसेंबर होता आणि आमचा पंखा तीनवर चालू होता.) महेश म्हणाला, "मी सगळ्यांना छोटा टॉर्च देतो, लाईट गेली तर टेन्शन नाही." मी केसांच्या क्लिपा, वासाचे साबण आणि एक किल्ली अडकवायचं कासव आणलं. इराने खालून दगड गोळा करून त्यांवर डोळे रंगवले. आईंनी मात्र कुणाला काही न विचारता बामाच्या डब्या आणि आवळासुपारी आणली.

"आई, बाम गिफ्ट म्हणून?" महेश म्हणाला.

"डोकं दुखल्यावर कासव चोळणारेस का?" आई म्हणाल्या.

आता टांगायचं कुठे? सँटा चिमणीतून येतो, अशी इराची माहिती होती. आमच्या घरात चिमणी एकच, गॅसच्या वरची, आणि तिची जाळी गेल्या दिवाळीनंतर साफ झाली नव्हती. "अडकला तर आपणच काढायचा का?" असं आईंनी विचारल्यावर इरालाही ते पटलं. शेवटी मोजे सेफ्टी डोअरच्या गजांना, बाहेरच्या बाजूने टांगले. इरा खाली खेळायला जाताना आणि वर येताना चारही मोज्यांत कोपरापर्यंत हात घालून बघायची. सँटा कधीही येऊ शकतो, असं तिचं म्हणणं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या पार्किंगमध्ये साप निघाला होता. एका स्कूटरच्या सीटखालून. खाडी जवळ, त्यामुळे असं होतं कधीकधी. सर्पमित्र आला, साप घेऊन गेला, पण सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे फोटो येतच राहिले. मी त्यानंतर चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नव्हते. महेश हसायचा. "साप काय लिफ्टने नवव्या मजल्यावर येणारे का?"

नाताळाच्या आदल्या दिवशी मी दुपारीच घरी आले होते. महेश केक आणायला बाहेर, इरा खाली बागेत, आई सोफ्यावर लसूण सोलत होत्या. मी बराच वेळ मिक्सरवर चटणी वाटली. मग म्हटलं, कुणी नाहीये तोवर क्लिपा आणि साबण मोज्यांत टाकून घ्यावेत. लाकडी दार उघडलं आणि सेफ्टी डोअरच्या गजांतून हात बाहेर काढणार, तेवढ्यात महेशचा मोजा हलला.

आधी वाटलं, वारा. पण बाकीचे तीन मोजे गप्प होते.

मोजा परत हलला. आतून बारीक खसखस ऐकू आली. टाचेपाशी एक उंचवटा आला, हळूच वर सरकला, थांबला, आणि पोटरीपाशी जाऊन गोल फिरला. मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. मग दारापलीकडेच तो आहे हे आठवलं आणि पाठ काढली.

"काय गं?" आईंनी विचारलं.

"मोज्यात साप आहे."

"कुणाच्या?"

"महेशच्या."

"मग येईल तो आणि बघेल," आई म्हणाल्या आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

मी ग्रुपवर मेसेज टाकला, 'आमच्या दारात साप आहे, प्लीज कोणीतरी या.' कोणीही आलं नाही, उत्तरं मात्र आली. एकाने विचारलं, विषारी आहे का. एकाने विचारलं, कुठली विंग, आणि 'बी' म्हटल्यावर त्याने हात जोडले. (तो 'ए' विंगचा होता.) सेक्रेटरींनी लिहिलं, की कॉमन पॅसेजमध्ये परवानगीशिवाय सजावट करू नये. मी इंटरकॉमवरून गेटवर फोन लावला.

"मॅडम, साप खाली आहे का वर?" वॉचमनने विचारलं.

"वर. आमच्या दारावर."

"मग आता खाली नाही ना?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी सर्पमित्राला फोन लावतो. तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायला मी दाराच्या भिंगातून बघितलं. मोज्याचं टोक फुगलं होतं. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की इरा आता पाणी प्यायला वर येईल आणि नेहमीसारखा त्या मोज्यात हात घालेल.

त्याआधीची माझी भीती म्हणजे आयुष्यभर बाळगलेली, सवयीची भीती होती. ही वेगळी होती. इराकडे फोन नव्हता. महेशचा लागत नव्हता. मी बाल्कनीत धावले. खाली इरा झोपाळ्यापाशी उभी होती, माझ्या बोटाच्या पेराएवढी.

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. तिनेही दोन्ही हात हलवले.

"इरा, वर येऊ नकोस," मी ओरडले.

"काय?"

"वर. येऊ. नकोस."

नऊ मजले उतरता उतरता 'नकोस' कुठेतरी गळून पडलं. इराने मान डोलावली, मैत्रिणीला टाटा केलं आणि आमच्या लिफ्टच्या दिशेने धावत सुटली.

"आई, ती वर येतेय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आईंनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच उठून उभ्या राहिल्या.

"दार उघडावं लागणार," त्या म्हणाल्या. "ती हात घालायच्या आत."

त्यानंतरचं मी कसं केलं ते मला नीट सांगता येणार नाही. महेशचं हेल्मेट डोक्यात घातलं. त्याचा रेनकोट अंगात चढवला, तो गुडघ्यांच्या खाली आला. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले. हातात पोछ्याची काठी. आईंनी कुकरचं झाकण घेतलं. "डोकं दिसलं की हे ठेवते वर," त्या म्हणाल्या. झाकणावरची शिट्टी मात्र खुळखुळत होती.

लिफ्ट आल्याचा आवाज झाला. मी लाकडी दार उघडलं. इरा लिफ्टमधून बाहेर पडली, हेल्मेटकडे बघून हसली आणि नेहमीच्या सवयीने सरळ हिरव्या मोज्याकडे हात नेला.

"हात लावू नको," मी ओरडले, पण हेल्मेटची काच खाली होती. मी सेफ्टी डोअर ढकललं, काठी टाकली, आणि माझ्याच कानावर विश्वास बसणार नाही अशी गर्जना करत तो मोजा मुठीत पकडून खेचला. गाठ सुटली. मोजा माझ्या हातात आला. आणि मोज्याच्या उघड्या तोंडातून त्या प्राण्याने माझं बोट धरलं.

"चावला," मी म्हणाले आणि पॅसेजमध्ये खाली बसले.

कळ खांद्यापर्यंत गेली. विष चढताना असंच होत असणार, असं मला वाटलं. इरा रडायला लागली. तिच्याकडे बघून मला फार भरून आलं. सांगायचं खूप होतं, वेळ थोडा होता.

"आई," मी काचेच्या आतून म्हणाले, "इराचा युनिफॉर्म ओला आहे. तो बाल्कनीत वाळत घाला. आणि महेशला म्हणावं, गॅसचं बुकिंग केलेलं नाही."

आई वाकल्या होत्या. त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि डोळे बारीक करून माझ्या हाताकडे बघितलं.

"सापाला पाय असतात का गं?" त्यांनी विचारलं.

मोजा गळून पडला होता. माझ्या पिवळ्या हातमोज्याच्या बोटाला एक भली मोठी चिंबोरी लटकत होती. म्हणजे आमच्या खाडीतला काळसर खेकडा, आणि त्याच्या एका पायाला तुटलेला दोरा.

नेमकी तेव्हाच लिफ्ट परत आली. त्यातून वॉचमन, सर्पमित्र, सेक्रेटरी आणि 'ए' विंगचे दोन हिमतीचे लोक बाहेर आले. त्यांना रेनकोट आणि हेल्मेट घालून जमिनीवर बसलेली, चिंबोरी धरून मृत्युपत्र सांगणारी मी दिसले. सर्पमित्राने हातातली लांब काठी हळूच पाठीमागे घेतली.

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. सुमनकाकू बाहेर आल्या. काकू मूळच्या करावे गावातल्या, त्यांचे भाऊ अजून खाडीत जाळी टाकतात.

"अगो, सुटली का ती?" काकू म्हणाल्या. "मीच ठेवली. भावाने ताज्या आनल्या, म्हटला एक महेशला देते. बेल मारली, कोनी दार उघडला नाय. आत काय ते घरघरत होता."

"मिक्सर," मी म्हणाले.

"इरा बोललेली, काकू, मोज्यात कायपन टाका, फक्त छोटा पायजे. म्हनून छोटीच निवडली मी."

त्यांनी चिंबोरीला मागून धरलं, काहीतरी केलं आणि माझं बोट सुटलं. सेक्रेटरींनी सजावटीचा विषय पुन्हा काढला, पण चिंबोरी काकूंच्या हातात होती आणि काकू त्यांच्याच दिशेने उभ्या होत्या, तेव्हा तो विषय लवकर आटोपला.

महेश केक घेऊन आला तोवर ग्रुपवर माझा फोटो पोचला होता. तो हसला नाही. खरं म्हणजे हसू दाबताना त्याचा चेहरा इतका लाल झाला, की आईंनी त्याला पाणी दिलं. मग त्याने माझं बोट बघितलं, ते चांगलंच सुजलं होतं. "मोजा माझा होता, म्हणजे चिंबोरीही माझी," एवढंच म्हणाला, आणि तिचा रस्सा करायला काकूंना सांगून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला.

रिक्षात इरा मला चिकटून बसली होती. "आई, तुला खरंच वाटलं साप आहे?"

"हो."

"तरी तू पकडला?"

"हो."

मग तिने माझ्या दुसऱ्या हातात हात घातला. मला आयुष्यात पहिल्यांदाच आपण शूर आहोत असं वाटलं. दवाखान्यात मी ताठ मानेने शिरले. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं. मी सांगितलं. कुठे झालं, त्यांनी विचारलं. मोज्यात, मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवून मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मीही सांगितलं, थोडं वाढवूनच.

मग नर्स धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली. मी सुई बघितली, आणि त्यानंतरचं मला आठवतं ते थेट दवाखान्याचं छत. महेश पेपरने वारा घालत होता, आणि इरा नर्सला समजावून सांगत होती.

"तिला साप चालतो. तुम्ही जरा आधी सांगायला हवं होतं, की हा साप नाहीये."