फळीवरचं शिवार

निजामाच्या सबंध मुलखात माझ्या आत्याच्या यजमानांइतका जमिनीचा वेडा माणूस सापडायचा नाही. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आणि त्यांची जमीन होती एका फळीएवढी. महालक्ष्म्यांपुढच्या आरासीत मातीच्या बाहुल्या मांडतात. त्या बाहुल्या आत्या करायची, आणि त्यांच्या पायाखालचं शिवार मामा करायचे. टेकडी, विहीर, पाणंद, सगळं. वरून चिंचोक्याच्या खळीत कालवलेल्या खडूचं अस्तर. ते सावलीत पुरतं वाळेपर्यंत फळीला बोट लावायची कुणाची टाप नव्हती, आत्याचीसुद्धा. लग्नाच्या पंगतीतून मामा उठायचे ते धोतराच्या सोग्यात त्या गावची माती बांधूनच. एकदा तहसीलदार आले. सगळं गाव कमरेत वाकलं. मामाही वाकले, पण त्यांच्या बुटांकडे बघत म्हणाले, "साहेब, ही लाल माती कोन्त्या शिवारातली?" असला बेडरपणा आम्ही चळवळीतले लोक सभा घेऊन घेऊन लोकांना शिकवत होतो. यांच्याकडे तो जन्मजात होता आणि खेळण्यांपायी वाया चालला होता.

आत्या तापानं गेली. सण झाला की बाहुल्या कयाधू नदीत सोडायच्या ही रीत, त्यामुळे तिच्या हातची एकही बाहुली घरात उरली नाही. मामा मात्र फळ्या करतच राहिले. अस्तर ओलं असताना विहिरीपाशी अंगठ्यानं दोन खळगे दाबायचे. आत्याच्या हातची पाणी भरणारी बाहुली पूर्वी तिथं उभी राहायची. दुसरी बाहुली ठेवा म्हटलं की म्हणायचे, "पाय बसत न्हाई तिचा."

मला संताप यायचा. माणसं तुरुंगात सडत होती आणि हा गृहस्थ टेकडीला अस्तर देत बसलेला. तसं तोंडावर सांगून मी बंदी असलेल्या पत्रकांचा गठ्ठा त्यांच्याकडे लपवायला दिला. पोलिसांनी घर उलथंपालथं केल्याचं कळलं तसा मी धावत गेलो. मामांनी फळीकडे बोट केलं. "भिजवून टेकडीत थापलं. लई झाक कागद व्हता, बाबा. फौजदार टेकडी बघून खूश झाला." जुलमी राजवट उलथवणारं माझं लिखाण त्या टेकडीच्या पोटात गेलं होतं.

मग हत्यारबंद टोळ्यांच्या धाडी सुरू झाल्या. लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागले. मी मामांसाठी गाडी घेऊन आलो.

"अस्तर ओलं हाय. हालवलं तर तडकंल."

"मामा, शेजारचं गाव जळून राहिलंय."

"मंग तू हो म्होरं. इहिरीपाशी तिची जागा हाय. ती टाकून कसा येऊ?"

मी गाडी पार दाराशी आणून लावली. शेवटी ओली फळी मांडीवर घेऊन ते गाडीत बसले. खडकाळ वाटेवर टेकडी उभी तडकली आणि भेगेतून माझी छापील अक्षरं दिसू लागली.

"वऱ्हाडात खडू भेटंल ना? अक्षरं झाकाया पायजेत. तुझ्या आत्याला वाचता येत न्हाई."

निर्वासितांच्या छावणीत त्यांनी पुन्हा अस्तर दिलं, पुन्हा अंगठा दाबला. ते वाळायच्या आतच मामा गेले.

निजामी संपली. फळी घेऊन मी गावी परतलो. शेजारची काकू काल म्हणाली, "दादा, औंदाची आरास तर राहिली. म्होरल्या वर्साला फळी देता का?" मी बोट लावून पाहिलं. अस्तर पुरतं वाळलं होतं.

"न्या," मी म्हणालो, "फक्त विहिरीपाशी काही मांडू नका."