मावशींचा फोन येत नाही

मावशींच्या मोबाईलचा नंबर मीच लपवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही. माझं हेल्मेट घेऊन गेलेला एक मित्र माझा नंबर दिसला की फोन उचलायचा नाही. म्हणून मावशींचा फोन मागितला. पण त्याच्या पँटी मावशींकडेच शिवायला असतात, त्यामुळे हाही नंबर त्याच्या ओळखीचा, आणि मी त्यांचाच शेजारी हेही त्याला ठाऊक. मग मी सेटिंगमध्ये शिरलो, ‘नंबर लपवा’वर बोट ठेवलं आणि फोन लावला. बिननंबरचा फोन त्याने दुप्पट वेगाने कापला. मी मोबाईल परत दिला, वर हुशारी दाखवत ‘बॅटरी चांगली आहे हो’ म्हणालो आणि सेटिंग तसंच ठेवून जेवायला निघून गेलो.

मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि कपडे शिवतात. कुणाच्या सख्ख्या मावशी ते ठाऊक नाही, पण सत्तरीचे म्हातारेही त्यांना मावशीच म्हणतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, शेजारी इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला लांब दांडी. दांडीवर तयार कपडे. प्रत्येक कपड्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी. तिच्यावर नाव, नंबर आणि गरज वाटल्यास शेरा. ‘पोट आत ओढून माप दिलं आहे, दोन बोटं सैल ठेवणे’ असा एक शेरा मी स्वतः वाचलाय.

मावशींचा कायदा सगळ्या गल्लीला पाठ होता. कपडा झाला की मावशी फोन करणार. गिऱ्हाईक ‘येतो’ म्हणालं की मगच त्यावर इस्त्री फिरणार. मधेच ‘झालं का?’ असं कुणी फोनवर किंवा दारात विचारलं तर त्याचा कपडा सगळ्यात खाली जाणार. आणि मावशी दोनदाच फोन करणार. “तिसऱ्यांदा केला की ती भीक,” असं त्या म्हणायच्या. फोनवर गप्पा मारणं त्यांना वीज जाळण्यासारखं वाटायचं, त्यामुळे फोन कामापुरताच.

तीन आठवड्यांनी बटण लावून घ्यायला गेलो तर दांडी वाकलेली. कपड्यांच्या गर्दीत खिडकी अर्धी झाकली होती. आणि मावशी एका करड्या कोटाची शिवण उसवत बसल्या होत्या.

“फाटला का?”

“नाही रे. बघ, ही टीप सरळ आहे का?”

मी पाहिलं. फूटपट्टीने आखल्यासारखी होती. “सरळ आहे की.”

“तुला काय कळतंय! तू शर्ट उलटा घालून दोन तास फिरलेला माणूस.” मग ब्लेड खाली ठेवून म्हणाल्या, “डोळ्याच्या ऑपरेशननंतर नीट दिसतंय असं मला वाटतं. पण लोकांना दिसत असणार ना. दोनदा फोन केला तरी उचलत नाहीत. काही तर कापतात. तोंडावर कसं सांगतील, की म्हातारे, तुझा हात बिघडला?”

शंकेपायी त्यांनी नऊ कपडे उसवून पुन्हा शिवले होते. नव्याने शिवले म्हणून मोजणीही नव्याने, असं ठरवून पुन्हा फोन केले होते. पुन्हा कुणी उचलले नव्हते.

“शनिवारी एक जण यंत्र बघायला येतोय,” त्या म्हणाल्या. “आवडलं तर घेऊन जाईल.”

मी बटण न लावताच बाहेर पडलो. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तो पाडला समोरच्या शाळेतल्या बाईंनी. फाटकातच भेटल्या.

“अरे, मावशी बऱ्या आहेत ना? माझा करडा कोट महिनाभर तिथेच आहे. विचारायची सोय नाही, कोट तळाला जायचा. आणि त्यात हल्ली कोण मेला बिननंबरचा फोन करून छळतो कळत नाही. लागोपाठ दोनदा वाजवतो!”

बिननंबरचा म्हणताच मला माझं ‘नंबर लपवा’ आठवलं. मी आलो तसा उलटा वळलो.

“मावशी, मोबाईल द्या.”

“आता कुणाला लावायचाय?”

“कुणाला नाही. द्या तर.”

कॉलच्या सेटिंगमध्ये, आणखी आत, तो पर्याय मी ठेवला तसाच बसला होता. ‘नंबर दाखवा’ दाबलं. चक्र फिरत राहिलं आणि ‘नेटवर्कमध्ये अडचण’ असं आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मोबाईल बंद करून चालू केला, खिडकीतले कपडे बाजूला सारून रेंज शोधली, तेव्हा कुठे बदल टिकला. माझ्या मोबाईलवर लावून पाहिला. मावशींचं नाव आलं.

“आता कोटवाल्या बाईंना लावा.”

“दोनदा झालाय.”

“ते मोजू नका. त्यांना तुम्ही कोण ते दिसतच नव्हतं.”

 त्यांनी चिठ्ठी बघत एकेक आकडा दाबला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, “मावशी! अहो, किती वाट बघायला लावता? येऊ का आत्ता?”

मावशींनी खाली पाहिलं. कोट अर्धा उसवलेला मांडीवर होता. मग नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या, “आत्ता नाही. उद्या पाचला. आणि वेळेवर या.” फोन ठेवून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती जुनी टीप खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

“सरळच होती की रे.”

“होतीच.”

“आणि नंबर कुणी लपवला होता?”

आपोआप होतं कधी कधी, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण मांडीवरचा कोट दिसत होता. हेल्मेटपासून सगळं सांगून टाकलं. 

“शनिवारवाल्याला नको म्हणून तू कळव,” त्या म्हणाल्या. “आणि इथे बस. सुई ओवता येते का?”

“नाही.”

“येईल.”

उसवलेल्या नऊ कपड्यांच्या बदल्यात नऊ कपड्यांची हातशिलाई मी करून द्यायची, असा निकाल लागला. नव्या कामातली, आतल्या बाजूची, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथली. आठ झाले. त्यातले तीन मावशींनी माझ्यादेखत उसवले आणि पुन्हा माझ्याकडे दिले. नववा हिरवा झगा आहे, घेर भलताच मोठा. चिठ्ठीवर शेरा आहे: ‘उशीर होईल. शिवणारा नवा आहे.’