आमच्याच जागेचं भूमिपूजन

वर्तमानपत्राच्या वाढीव इमारतीचं भूमिपूजन मीच केलं. त्या जागेवर, नगरच्या भर पेठेत, आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्या पाडल्या, पुढची दुकानंही पाडली आणि आम्ही सावेडीला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सगळं रीतसर झालं, कोणी फसवलं नाही. रडायला निमित्तसुद्धा ठेवलं नाही म्हणा ना.

पूजेचं बोलावणं आलं तेव्हा आई म्हणाली, "दुसरे गुरुजी मेले का गावातले?"

मेले नव्हते. पण वर्तमानपत्राच्या मालकांकडची पूजा कायम आमच्याकडेच. आधी वडील करायचे, मग मी. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. आईचं तसं नव्हतं. वडील त्या पाडलेल्या खोल्यांतच गेले आणि फ्लॅटमध्ये आल्यापासून ते एकदाही तिच्या स्वप्नात आले नव्हते. "तिथंच राहिलेत ते," ती म्हणायची. "त्यांना इथला पत्ता कोणी सांगितलाय?"

जागेभोवती पत्रे ठोकले होते. आत सगळं सपाट. आमची मोरी कुठे असेल याचा मी अंदाज घेऊन पाहिला, लागला नाही. मालक सोवळं नेसून पाटावर बसले होते. त्यांच्या सोवळ्याला अजून दुकानाची घडी होती.

पूजेच्या सुरुवातीला पिवळी मोहरी चारी दिशांना फेकायची आणि डावी टाच तीनदा जमिनीवर आपटायची. इथे जे कोणी न दिसणारे राहत असतील त्यांनी जागा सोडून जावं, असा त्या मंत्राचा अर्थ. तो वडिलांनी मला तिथल्याच फरशीवर शिकवला होता. टाच हळू आपटली की खेकसायचे. मूठ भरल्यावर माझ्या लक्षात आलं, आईच्या हिशेबाने इथे वडीलच राहिलेत. हात तसाच राहिला. मालक वर बघायला लागले, तेव्हा मी मोहरी फेकली. टाचही चांगली जोरात आपटली.

घरी आलो तर आईने पान वाढलेलं होतं.

"मोहरी टाकलीस?"

सगळा जन्म भटजीच्या घरात काढलेली बाई, तिच्यापासून काय लपवणार?

"टाकली."

आता बोलेल, असं मला वाटलं. तिने भातावर तूप वाढलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तिथून उठतील तरी."

मग तिने फ्लॅटचं दार उघडलं आणि ते वाऱ्याने लागू नये म्हणून स्टूल आडवं लावलं.